विश्लेषण : ऑफिसचा फोन वाजतो, पण कॉल हरवतो कुठे? भिंतीवरच्या पेटीतल्या ‘सेटिंग’चा प्रश्न

ऑफिसात फोन करणाऱ्या प्रत्येकाला तीन वाक्ये तोंडपाठ असतात. ‘साहेब जागेवर नाहीत’, ‘एक मिनिट, ट्रान्स्फर करते’ आणि ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. पहिल्या वाक्यानंतर निदान समोर माणूस असतो. दुसऱ्यानंतर बऱ्याचदा कॉल तुटतो. तिसऱ्यानंतर संगीत सुरू होते, आणि ते संपेपर्यंत फोन करणाऱ्याचा जेवणाचा डबा थंड होतो.

कॉल तुटला की दोष ‘लाइन’ला किंवा ‘नेटवर्क’ला दिला जातो. बहुतेक वेळा लाइन ठीक असते. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर, पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी लटकलेल्या एका पेटीत काही सेटिंग असतात. ती बसवणारा तंत्रज्ञ ज्या दिवशी आला, त्या दिवशी त्याने आपल्या समजुतीने ती टाकली आणि तो गेला. त्यानंतर ऑफिसातली माणसे बदलली, टेबले हलली, दोन विभाग एक झाले, पण पेटीला कोणी हात लावला नाही. फोन कोणी, किती वेळात आणि नाही उचलला तर पुढे कोणी उचलायचा, हा निर्णय खरे तर ऑफिसच्या प्रमुखाचा. तो वायरमनवर सोडून दिला जातो, आणि त्याची किंमत बाहेरून फोन करणारा मोजतो.

ईपीएबीएक्स म्हणजे नेमके काय?

इलेक्ट्रॉनिक प्रायव्हेट ऑटोमॅटिक ब्रँच एक्स्चेंज, असे या पेटीचे लांबलचक नाव. साध्या शब्दांत, ऑफिसच्या मालकीचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज. चाळीस टेबले असलेल्या ऑफिसला चाळीस स्वतंत्र लाइन घेणे परवडत नाही आणि गरजही नसते, कारण चाळीसही जण एकाच वेळी बाहेरच्यांशी बोलत नाहीत. म्हणून बाहेरून पाच-सहा लाइन घ्यायच्या, आत चाळीस एक्स्टेन्शन द्यायची आणि कोणाला कधी कोणती लाइन मिळेल हे पेटीने ठरवायचे. आतल्या आत बोलणे फुकट. बाहेर बोलायचे असेल तर आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत आधी शून्य दाबायचे, ऑपरेटर हवी असेल तर नऊ. मोठ्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमधून घराघरात वाजणारा इंटरकॉम हा याच कुटुंबातला, फक्त त्याला सहसा बाहेरची लाइन नसते.

भारतात ही पेटी सर्वदूर पोहोचली ती ऐंशीच्या दशकानंतर. १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी जोडले गेले. ग्रामीण भागासाठी तिने बनवलेले छोटे स्वयंचलित एक्स्चेंज प्रसिद्ध आहे, पण त्याच सुमारास ऑफिसांसाठी १२८ पोर्टच्या एक्स्चेंजचे तंत्रज्ञानही तिने विकसित केले आणि देशातल्या उत्पादकांना दिले. आज ही पेटी कुठे अजून तांब्याच्या तारांवर चालते, कुठे ती कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर आली आहे, तर कुठे ती भिंतीवर नाहीच, कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर आहे. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकी तरुणाने ‘अॅस्टेरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि साध्या कॉम्प्युटरवरही ऑफिसचे एक्स्चेंज चालवता येऊ लागले. रूप बदलले तरी आतल्या सोयी जवळपास त्याच आहेत. त्यांची नावेही तीच.

किती लाइन घ्यायच्या, हे अंदाजाने ठरवू नये

समजा, एका पॅथॉलॉजी लॅबला तासाला २० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटे चालतो. म्हणजे तासाभरात ६० मिनिटांचे बोलणे. हिशेब अगदी बरोबर बसतो, एक लाइन पुरेशी आहे असे मालकाला वाटते. पण लोक एकमेकांना विचारून, रांगेने फोन करत नाहीत. दहा मिनिटे शांतता असते आणि मग एकदम तिघांना रिपोर्टची आठवण होते.

हे गणित शंभर वर्षांपूर्वी सोडवले गेले आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नेर क्रारुप एरलांग यांनी १९०९ मध्ये या विषयावरचा पहिला लेख लिहिला आणि १९१७ मध्ये आज वापरात असलेले सूत्र मांडले. टेलिफोनवरच्या गर्दीचे एकक आजही ‘एरलांग’ याच नावाने ओळखले जाते. त्या सूत्रानुसार वरच्या लॅबकडे एकच लाइन असेल, तर येणाऱ्या कॉलपैकी निम्म्यांना एंगेज टोन ऐकू येईल. दोन लाइन घेतल्या तर पाचातल्या एकाला. तीन घेतल्या तर सोळातल्या एकाला. चौथी घेतली की ६५ मधल्या एकाला.

हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. पहिल्या लाइनवरून तिसऱ्या लाइनवर जाताना फायदा प्रचंड आहे, त्यापुढे तो कमी होत जातो. पाचवी लाइन घेण्यापेक्षा तो पैसा फोन उचलणाऱ्या माणसावर खर्च केला तर जास्त उपयोग होतो. शिवाय सूत्र असे गृहीत धरते की एंगेज लागलेला माणूस निघून जातो. प्रत्यक्षात तो पुन्हा लावतो, पुन्हा लावतो, आणि लाइन आणखी व्यग्र होते. सरकारी दवाखान्यात किंवा तहसील कार्यालयात सोमवारी सकाळी फोन न लागण्याचे निम्मे रहस्य इथे आहे. उरलेले निम्मे म्हणजे बाजूला काढून ठेवलेला रिसीव्हर, ज्याला कुठलेही सूत्र लागू पडत नाही.

कॉल ट्रान्स्फर करताना तुटतो, त्यामागे अर्ध्या सेकंदाचा खेळ

ऑफिसच्या फोनमधली सर्वाधिक वापरली जाणारी आणि सर्वाधिक बिघडणारी सोय म्हणजे ट्रान्स्फर. तिचे दोन प्रकार आहेत. एक, आंधळा ट्रान्स्फर. ऑपरेटर कॉल पुढे ढकलते आणि मोकळी होते. पलीकडे कोणी उचलले की नाही, हे तिला कळत नाही. दुसरा, विचारून केलेला ट्रान्स्फर. आधी फोन करणाऱ्याला थांबवून ठेवायचे, अकाउंट्सच्या टेबलावर फोन लावायचा, ‘साताऱ्याहून एक बाई बोलतायत, बिलाचं आहे, देऊ का?’ असे विचारायचे, होकार आला की रिसीव्हर ठेवायचा. दोन्हींत फरक वीस सेकंदांचा असतो. पण दुसऱ्या प्रकारात साताऱ्याच्या बाईंना आपली कहाणी तिसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

आता कॉल तुटतो का, ते पाहू. जुन्या पद्धतीच्या साध्या फोनवर ट्रान्स्फरसाठी ‘फ्लॅश’ हे बटण दाबतात किंवा रिसीव्हर ठेवण्याची कळ किंचित दाबून सोडतात. या क्षणभरात लाइन तुटते आणि लगेच जोडली जाते. पेटी हा क्षण मोजते. तो ठरावीक मर्यादेत असेल, तर ‘याला ट्रान्स्फर करायचे आहे’ असे समजते. मर्यादेपेक्षा जास्त झाला तर ‘याने फोन ठेवला’ असे समजून कॉल बंद करते. ही मर्यादा सहसा एका सेकंदाच्या आतली असते आणि ती पेटीत बदलता येते. बाजारातून आणलेल्या प्रत्येक फोनच्या फ्लॅश बटणाचा कालावधी मात्र वेगवेगळा असतो. काहींचा सेकंदाचा दहावा भाग, काहींचा अर्ध्या सेकंदाहून अधिक. जुना फोन बिघडला, प्यूनने कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणला आणि त्या दिवसापासून कॉल तुटू लागले, अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच असते. ऑपरेटरला ‘तुला साधा ट्रान्स्फर जमत नाही’ असे सुनावण्याआधी एकदा हा आकडा तपासला, तर बरेच वाद मिटतील.

ट्रान्स्फरशी जोडलेले आणखी एक सेटिंग असते, ते म्हणजे परत येण्याचे. पुढच्या टेबलावर ठरावीक सेकंदांत फोन उचलला नाही, तर कॉल आपोआप ऑपरेटरकडे परत यावा. ते बंद असेल तर रिकाम्या खुर्चीसमोर फोन वाजत राहतो आणि शेवटी कॉल मरतो. फोन करणाऱ्याला वाटते, आपल्याला मुद्दाम टाळले.

हंटिंग, पिकअप आणि ‘दुसऱ्याच्या टेबलावरचा फोन’

हंटिंग म्हणजे एक टेबल उचलत नसेल तर कॉल दुसऱ्या, मग तिसऱ्या टेबलाकडे जाणे. क्रमाने जाऊ शकतो, सगळीकडे एकदम वाजू शकतो किंवा आळीपाळीने प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकतो. बऱ्याच ठिकाणी क्रमाने जाण्याचे सेटिंग असते, त्यामुळे यादीत पहिल्या असलेल्या कर्मचाऱ्याला दिवसभर फोन येतात आणि पाचव्याला आठवड्यातून दोन. पहिल्या क्रमांकावर कोण असते? बहुतेक ठिकाणी सर्वात नवीन रुजू झालेली, कमी पगाराची व्यक्ती. तिचे मूळ काम वेगळेच असते, आणि ते अपूर्ण राहिले की बोलणीही तिलाच बसतात. आळीपाळीचे सेटिंग त्याच पेटीत, त्याच किमतीत उपलब्ध असते.

पिकअप ही याहून साधी सोय. शेजारच्या टेबलावरचा फोन वाजतोय, तिथला माणूस चहाला गेला आहे. आपल्या जागेवरूनच एक छोटा कोड दाबून तो कॉल आपल्याकडे घेता येतो. अॅस्टेरिस्कवर चालणाऱ्या यंत्रणांत हा कोड मुळात स्टार-आठ असतो, इतर पेट्यांत वेगळा. कोड फोनच्या बाजूला चिकटवलेला नसेल तर ही सोय नसल्यातच जमा आहे. आणि चिकटवलेला असला तरी एक अडचण उरते, जी कुठल्याही पेटीत दुरुस्त होत नाही. दुसऱ्याचा फोन उचलला की त्याचे काम आपल्या गळ्यात पडते, ही ऑफिसातली जुनी भीती. ‘उचलणाऱ्याने फक्त नाव, नंबर आणि विषय लिहून ठेवायचा, उत्तर देण्याची जबाबदारी त्याची नाही’ एवढा नियम वरिष्ठांनी तोंडी जरी सांगितला, तरी फोन उचलणारे हात वाढतात.

पार्किंग, कॉन्फरन्स, डू नॉट डिस्टर्ब, बॉस-सेक्रेटरी जोडणी या सोयी माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असतात. लहान ऑफिसात त्यांचा वापर फारसा होत नाही. त्या आहेत म्हणून महागडी पेटी घेण्याची गरज नाही.

‘मराठीसाठी तीन दाबा’

रेकॉर्ड केलेल्या आवाजातला मेन्यू, म्हणजे आयव्हीआर, हा आज लोकांच्या सर्वात जास्त रागाचा विषय आहे. आधी तो कसा चालतो ते पाहू. बटण दाबल्यावर फोन एकाच वेळी दोन सूर काढतो. पाचच्या बटणाचे सूर ७७० आणि १,३३६ हर्ट्झचे. प्रत्येक आडव्या ओळीचा एक सूर आणि प्रत्येक उभ्या रांगेचा एक, त्यामुळे बारा बटणांना सात सूर पुरतात. अमेरिकेत १९६३ मध्ये ही पद्धत ग्राहकांसाठी सुरू झाली. दोन सूर ठेवण्याचे कारण असे, की माणसाच्या बोलण्यात किंवा रस्त्यावरच्या गोंगाटात नेमकी तीच जोडी सहसा येत नाही.

मोबाइलवरून मात्र हे सूर आवाजाच्या रूपाने जात नाहीत. बटण दाबल्याचा निरोप नेटवर्कला वेगळा जातो आणि सूर पुढे तयार केले जातात. ऑफिसची यंत्रणा इंटरनेटवर चालणारी असेल तर आणखी एकदा रूपांतर होते. या साखळीत कुठेही दोन बाजूंची सेटिंग जुळली नाहीत, तर तुम्ही दोन दाबता आणि पलीकडून आवाज येतो, ‘आपण चुकीचा पर्याय निवडला आहे’. घरातले आजोबा तीन वेळा हे ऐकून फोन ठेवतात आणि ‘मला हे जमत नाही’ असे म्हणतात. चूक त्यांची नसते.

दुसरी अडचण हातातल्या फोनची. स्मार्टफोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते. मेन्यू ऐकायचा, फोन खाली घ्यायचा, कीपॅड शोधायचे, तोवर पुढचा पर्याय सुरू झालेला असतो. वडीलधाऱ्यांना आयव्हीआरवर फोन लावून देताना आधीच स्पीकर सुरू करून कीपॅड उघडून दिले, तर निम्मा त्रास वाचतो. पण हा उपाय नागरिकाने का करायचा? दोन बटणांच्या मध्ये पाच-सात सेकंद द्यायचे की तीन, हेही एक सेटिंगच आहे.

महाराष्ट्रातल्या ऑफिसात मराठी तिसऱ्या क्रमांकावर का, हा प्रश्न भावनेचा म्हणून झटकून टाकला जातो. तो सोयीचाही आहे. ज्याला इंग्रजी आणि हिंदी दोन्ही येतात, तो पहिल्या दोन पर्यायांत काम उरकतो. ज्याला फक्त मराठी येते, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ थांबावे लागते, तेही न समजणारी वाक्ये ऐकत. पन्नास माणसांच्या ऑफिसला तीन मजली मेन्यू लागतच नाही. एक स्तर, चार पर्याय, आणि त्यातला पहिलाच ‘ऑपरेटरशी बोला’. हा पर्याय शेवटी लपवायचा किंवा काढूनच टाकायचा, असे हल्ली अनेक ठिकाणी ठरवून केले जाते. त्याला बचत म्हणतात. खर्च मात्र कमी झालेला नसतो, तो फोन करणाऱ्याच्या खिशातून आणि वेळेतून वळता झालेला असतो.

ऑपरेटर नको, या हट्टातूनच हे यंत्र जन्मले

यातली गंमत अशी, की स्वयंचलित एक्स्चेंजचा शोधच ऑपरेटरला वगळण्यासाठी लागला. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीचे सामान आणि व्यवस्था पुरवण्याचा व्यवसाय करत. आपले ग्राहक ऑपरेटर मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता. ती ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याची पत्नी होती, अशीही आख्यायिका सांगितली जाते. चिडून त्यांनी माणसाविना कॉल जोडणारे यंत्र तयार केले. १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी असे पहिले सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झाले.

मुंबईत तोवर टेलिफोन येऊन दहा वर्षे झाली होती. कोलकाता, मुंबई आणि मद्रासची एक्स्चेंज जानेवारी १८८२ मध्ये सुरू झाली, आणि ती चालवायची माणसेच. पुढे शंभर वर्षांत एक्स्चेंजमधली ऑपरेटर गेली, पण ऑफिसच्या बोर्डवर बसलेली ऑपरेटर टिकली. ती टिकली याचे कारण तिच्याकडे असलेली माहिती. कोण रजेवर आहे, कोणत्या साहेबांचे काम खरे तर कोणता क्लार्क करतो, कुठल्या ग्राहकाचा आवाज चढला की थेट मॅनेजरकडे द्यायचा. ही माहिती कुठल्याही मेन्यूत रेकॉर्ड केलेली नसते. ऑफिसांनी ती जागा रिकामी केली आणि आता तीच माहिती मिळवण्यासाठी लोक तीन-तीन विभागांत फोन फिरवत बसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलका सहायक बसवून हे सुटेल, असे विक्रेते सांगतात. रजेवर कोण आहे हे त्या सहायकाला कोणीतरी रोज सांगावे लागेल, हे ते सांगत नाहीत.

मोबाइल असताना हे सगळे कशाला?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. अनेक लहान ऑफिसांनी, दवाखान्यांनी, शाळांनी लँडलाइन काढून टाकली आहे. दारावर एका कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर लावला की झाले. खर्च वाचला.

खर्च कोणावर गेला, ते पाहा. त्या कर्मचाऱ्याचा खासगी नंबर आता सार्वजनिक आहे. रात्री साडेदहाला ‘उद्या ओपीडी आहे का?’ असा फोन येतो. रविवारी येतो. तिच्या प्रोफाइल फोटोसह तिचा नंबर शेकडो अनोळखी लोकांच्या फोनमध्ये आहे, आणि त्यातला एखादा ‘गुड मॉर्निंग’ पाठवू लागला तर तक्रार कोणाकडे करायची, हे कोणी ठरवलेले नाही. ती आजारी पडली की ऑफिसचा फोन आजारी. तिने नोकरी सोडली की ग्राहक तिच्याबरोबर जातात किंवा हरवतात. मालकाच्या दृष्टीनेही हा तोट्याचा व्यवहार आहे.

यावरची सोय फोन यंत्रणेत केव्हाच आलेली आहे. ऑफिसचा एक नंबर ठेवायचा आणि कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर अॅपच्या रूपाने एक्स्टेन्शन द्यायचे. बाहेरच्याला ऑफिसचाच नंबर दिसतो. कर्मचारी टेबलावर असो की बँकेत, कॉल तिच्यापर्यंत पोहोचतो. संध्याकाळी सहानंतर यंत्रणा स्वतःहून ‘रात्र’ धरते, वेळा सांगणारा संदेश ऐकवते, तातडीचे कॉल फक्त ड्युटीवरच्या एका नंबरकडे वळवते आणि बाकीच्यांना शांत झोपू देते. कर्मचारी गेली तर एक्स्टेन्शन दुसऱ्याला मिळते. जी सोय केवळ बड्या कंपन्यांची समजली जाते, ती पाच माणसांच्या ऑफिसलाही लागू पडते, किंबहुना जास्तच, कारण तिथे दिवसाची पाळी संपल्यावर फोन घ्यायला दुसरी पाळी नसते. खासगी नंबर दारावर लावण्याची सक्ती करणाऱ्या ऑफिसाने निदान वेगळे सिम आणि हँडसेट द्यावा, ही किमान अपेक्षा आहे.

शून्य-शून्य, आणि ११२

१५ जानेवारी २०२१ पासून देशात लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबणे आवश्यक झाले. नव्या नंबरांसाठी जागा करणे हा त्यामागचा हेतू. घरच्या फोनला याने फारसा फरक पडला नाही. ऑफिसात मात्र बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधीच एक शून्य दाबावा लागतो. म्हणजे आता दोन शून्य आणि मग दहा आकडे. शिवाय ज्या यंत्रणेत ‘शून्याने सुरू होणारा नंबर म्हणजे एसटीडी, तो बंद’ असे कुलूप घातलेले आहे, तिथे एसटीडी रोखता रोखता सगळे मोबाइलही रोखले जातात. ते कुलूप सुधारण्याऐवजी ‘आमच्या फोनवरून मोबाइल लागत नाही’ असे समजून कर्मचारी स्वतःचा फोन वापरत राहतात.

याच आकड्यांच्या गोंधळाचा एक गंभीर भाग आहे. आग लागली, कोणी चक्कर येऊन पडले, तर माणूस सरळ ११२ किंवा १०८ दाबतो. आधी शून्य दाबायचा आहे, हे त्या क्षणी आठवत नाही. पाहुण्याला तर माहीतच नसते. अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावच्या एका हॉटेलात डिसेंबर २०१३ मध्ये एका महिलेवर तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या पतीने हल्ला केला. खोलीत तिची नऊ वर्षांची मुलगी होती. तिने शाळेत शिकवल्याप्रमाणे चार वेळा ९११ लावला. कॉल एकदाही गेला नाही, कारण हॉटेलच्या फोनवरून बाहेर जायला आधी नऊ दाबावा लागत होता. आई वाचली नाही. तिच्या वडिलांनी लावून धरलेल्या मागणीतून २०१८ मध्ये ‘करीज लॉ’ हा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर तिथे बसवल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक यंत्रणेवरून कुठलाही आधीचा आकडा न दाबता ९११ लागला पाहिजे आणि त्याच वेळी रिसेप्शनलाही सूचना गेली पाहिजे.

हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय, कारखाना, कॉल सेंटर, आपल्याकडच्या या सगळ्या ठिकाणी हाच प्रश्न आहे. ११२, १०१, १०८ हे आकडे शून्याशिवाय आणि कुलुपाशिवाय बाहेर जातील अशी नोंद पेटीत करायला फार वेळ लागत नाही. एखाद्या एक्स्टेन्शनचा क्रमांकच ११२ किंवा १०१ असेल तर मात्र तो आधी बदलावा लागेल. शंभरपासून एक्स्टेन्शन सुरू करण्याची पद्धत असलेल्या ठिकाणी हे हमखास आढळू शकते. चाकणच्या एखाद्या कारखान्यात आगीच्या वेळी १०१ दाबल्यावर स्टोअर्सच्या टेबलावरचा फोन वाजावा, हा विनोद नाही.

वीज गेली तर?

तांब्याच्या लाइनवरचा जुना फोन एक्स्चेंजमधूनच वीज घेत असे, ४८ व्होल्टची. घरात अंधार असला तरी फोन चालू. ऑफिसच्या पेटीला मात्र वीज लागते, आणि इंटरनेटवर चालणाऱ्या फोनला तर फोन, स्विच, राउटर आणि फायबरची डबी, सगळ्यांनाच. कॉम्प्युटरना यूपीएस असतो, पण भिंतीवरच्या फायबरच्या डबीचा प्लग बऱ्याचदा साध्या बोर्डात खोचलेला असतो. लाइट गेली की सगळे कॉम्प्युटर चालू आणि फोन मृत, असे दृश्य त्यातून दिसते. मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्यात हे पाहण्यासाठी फार वाट पाहावी लागत नाही.

१२३४ हा पासवर्ड नाही

ऑफिसच्या फोनवर चोरी होते आणि ती बिलातूनच कळते. यंत्रणा इंटरनेटला जोडलेली असेल आणि तिचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच १२३४ असेल, तर बाहेरचा कोणीही शनिवार-रविवारी तिच्यात शिरून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल लावू शकतो. त्या नंबरांच्या कमाईतला वाटा भामट्यांना मिळतो, बिल ऑफिसला. व्हॉइसमेलचा चार आकडी पिन किंवा ‘बाहेरून फोन करून ऑफिसची लाइन वापरा’ ही सोय हेदेखील अशा चोरांचे नेहमीचे दरवाजे. परदेशी कॉल लागत नसतील तर आयएसडी पूर्ण बंद ठेवणे, हा सर्वात स्वस्त उपाय.

कॉल दुसरीकडे वळवण्याची सोय तर आता घराघरातल्या फसवणुकीचे हत्यार आहे. स्टारने सुरू होणारा कोड मोबाइलवर दाबायला लावून कॉल भामट्याच्या नंबरकडे वळवण्याचे प्रकार वाढल्यावर दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सेवा स्थगित करायला कंपन्यांना सांगितले. ऑफिसच्या पेटीला तो आदेश लागू होत नाही. तिथे कोणाचा फोन कुठे वळवलेला आहे, याची यादी महिन्यातून एकदा काढून पाहणे ऑफिसच्याच हातात आहे.

एक सोय अशीही आहे जिच्याबद्दल कर्मचाऱ्यांना सहसा सांगितले जात नाही. तिला ‘बार्ज-इन’ म्हणतात. ठरावीक एक्स्टेन्शनवरून दुसऱ्याच्या चालू कॉलमध्ये शिरता येते, आणि काही यंत्रणांत कोणाला न कळता ऐकताही येते. प्रशिक्षणासाठी तिचा उपयोग आहे. पण ती कोणाकडे आहे, कोणते कॉल रेकॉर्ड होतात आणि किती दिवस ठेवले जातात, हे कर्मचाऱ्याला लेखी कळले पाहिजे. ‘कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो’ ही सूचना बाहेरच्याला मिळते, आतल्याला मिळत नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालेल्या देशात ही ढिलाई किती दिवस चालणार?

मग ऑफिसने नेमके काय करायचे?

पेटीत प्रत्येक कॉलची नोंद असते. कधी आला, कुठल्या टेबलावर किती वेळ वाजला, उचलला गेला की नाही. ही यादी बहुतेक ठिकाणी फक्त ‘कोण जास्त बोलतो’ हे पकडण्यासाठी काढली जाते. तिचा खरा उपयोग उलटा आहे. न उचललेले कॉल कोणत्या वेळी जास्त आहेत, हे त्यात दिसते. वेंडरशी वार्षिक देखभालीचा करार करताना पेटीचा प्रोग्रामिंग पासवर्ड आणि सेटिंगची एक छापील प्रत मागून घ्यावी. वेंडर बदलला की नवा माणूस ‘पूर्ण यंत्रणाच बदलावी लागेल’ असे सांगतो, त्यामागे अनेकदा पासवर्ड हरवलेला असणे एवढेच कारण असते.

आणि एक चाचणी, जिला पैसे लागत नाहीत. ऑफिसच्या प्रमुखाने एखाद्या बुधवारी दुपारी पावणेदोनला बाहेर पडावे आणि घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवरून आपल्याच ऑफिसच्या मुख्य नंबरला फोन लावावा. ऑपरेटरने उचलला तर अकाउंट्सला द्यायला सांगावे. मेन्यू लागला तर मराठीचे बटण दाबून पाहावे. किती रिंग झाल्या, कॉल कुठे अडकला आणि तुटताना कोणता टोन आला, हे कागदावर लिहावे. वेंडरच्या तंत्रज्ञाला बोलावल्यावर तो पहिल्यांदा हेच विचारतो.